शेरवानीची झूल

मागच्या वर्षी लेकीकडे अमेरिकेला गेले होते. तिथल्या एका लहानशा गावच्या चौकात नातीने मला एका पुतळ्यासमोर उभं केलं. तीन कोनांची टोपी, हातात लांब बंदूक, खांद्यावर कबुतरांनी केलेला अभिषेक. खालची पाटी वाचून नातीने तिच्या अडखळत्या मराठीत सांगितलं की हा त्यांच्या देशाच्या अगदी सुरुवातीच्या काळातला माणूस. आधी राजाविरुद्ध लढला, मग निवडून आला, राज्याच्या सभेत बसला, पुढच्या निवडणुकीत पडला आणि घरी येऊन मुकाट्याने शेती केली. मेला तेव्हा कुणाला कळलंही नाही. पुतळा नंतरचा, गावाला लाज वाटल्यावरचा.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "असा एक आमच्याकडेही होता. माझा सख्खा मामा."

"मग त्याचा पुतळा कुठे आहे, आजी?"

थंडी वाजतेय असं सांगून मी तिला पुढे ओढलं.

यंदा श्रावण संपत आला तेव्हा देवणीकडून माझ्या मामेबहिणीचा, इंदूअक्काचा, फोन आला. "मालू, पोळ्याचा मान यंदा बाबाच्या दारात आलाय. जित्ती असलीस तर ये."

जित्ती होते. पिशवी भरली.

ज्यांनी आमच्याकडचा पोळा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पोळ्याच्या संध्याकाळी गावातले सगळे बैल सजवून वेशीबाहेर आणतात. वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण असतं. त्या तोरणाखालून पहिला बैल कुणाचा जाणार, हा साधा प्रश्न वाटतो. त्यावरून आमच्या भागात डोकी फुटलेली आहेत. बहुतेक गावांत हा मान पाटलाचा. मामाच्या गावात मात्र तो घराघराने फिरतो, दर वर्षी एका घराला. ही रीत मामाने घातली, आणि घालताना स्वतःचं घर सगळ्यांच्या शेवटी ठेवलं. मामा जाऊन जमाना झाला. फिरत फिरत मान आत्ता कुठे त्याच्या दारात येत होता. आणि दारात इंदूअक्काशिवाय कुणी उरलेलं नव्हतं. ती आणि एक म्हातारा बैल.

गावाचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर गावातले निम्मे लोक भांडायला माझ्याकडे नांदेडला येतील, आणि उरलेले जेवायला.

कंधार

मामाची गोष्ट कंधारपासून सुरू होते, म्हणून मी सरळ न जाता आधी तिथे उतरले. किल्ल्याच्या खंदकात पावसाचं पाणी काठोकाठ भरलं होतं; हिरवं, जाड, वर बाटल्या तरंगणारं.

कॉलेजात असताना आमची सहल इथे आली होती. त्या वेळची कुमारी मालती मला अजून लख्ख दिसते. दोन वेण्या, पांढरी साडी, डोळ्यांना उन्हाचा चष्मा आणि अक्कल हॉस्टेलवर विसरलेली. तिने बुरजावर चढून भाषण ठोकलं, की निजामाच्या राज्यात माझ्या मामाने दातांत बंदूक धरून इथूनच खंदकात उडी घेतली आणि पोहत पोहत सरहद्दीपलीकडच्या छावणीत जाऊन तो सैनिक झाला. पोरी रडल्या. बरोबरच्या मास्तरीणबाईंनी डोळ्यांना दस्ती लावली. खंदक किल्ल्याभोवती फिरतो, तेव्हा पोहणारा माणूस जिथून निघाला तिथेच परत येणार, हे भूगोलात पहिल्या आलेल्या कुमारीच्या ध्यानात आलं नाही.

पुढच्या सुट्टीत मी हे भाषण मामाला म्हणून दाखवलं. तो गोठ्यात शेण भरत होता. हातातली पाटी खाली ठेवून म्हणाला, "बये, मला पवता येत न्हाई. आन् बंदूक पान्यात भिजल्यावर दारू काय चाटून खायची व्हती?"

तो किल्ल्याच्या दरवाजातून बाहेर पडला होता. किल्ल्यातल्या पोलीस ठाण्याच्या घोड्यांना वैरण घालणाऱ्या गड्यांत मिसळून, डोक्यावर उरलेल्या कडब्याचा भारा, भाऱ्यात बंदूक. "वझं जड व्हतं, तर पहारेकऱ्यानंच हात लावला. लई भला मानूस. त्याला पुढं काय झालं आसंल कुनास ठावं." एवढ्या धाडसात त्याला काळजी कुणाची, तर पहारेकऱ्याची! मी फार नाराज झाले. हा मामा भाषणात बसत नव्हता.

या खेपेला दारावरच्या माणसाने मला आतच बसवलं. "आजी, वर जाऊ नगा. शेवाळ लई हाय. संगट कोनी न्हाई का?"

"होत्या की," मी म्हटलं. "पंचवीस-तीस पोरी."

त्याने माझ्या मागे बघितलं. मागे एक शेळी उभी होती. बुरजाखाली रडलेल्या त्या पोरींपैकी बहुतेक आता हार घातलेल्या फोटोंत आहेत. ज्या नाहीत त्यांना मी फोन केला तर कोण मालती म्हणून विचारतात. मी दगडावर बसून बरोबर आणलेले धपाटे खाल्ले, एक शेळीला दिला आणि उठले.

शिरूर अनंतपाळ

इथे मी जाणार नव्हते. मला उतरायचं होतं शिरूर ताजबंदला, तिथून उदगीरमार्गे देवणी. पण एसटीच्या पाटीवर 'शिरूर' एवढं दिसल्यावर चष्मा काढण्याचे कष्ट कोण घेतो? शाळेत तीस वर्षं पोरांना नकाशे शिकवलेली बाई गाडीत बसून घोरायला लागली आणि जाग आली ती थेट शिरूर अनंतपाळच्या स्टँडवर. कंडक्टर म्हणाला, "मावशी, उठवलं व्हतं तुमाला. तुमी मला वर्गाच्या बाहीर जा म्हनलाव."

पुढची गाडी उशिरा होती. स्टँडसमोरच्या हॉटेलात सुशीला घेतला. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना दिलेली फोडणी. पुण्याच्या माझ्या सुनेला अजून वाटतं की मी दर वेळी कुठल्या तरी बाईला खाते. बाकावर शेजारी एक अतिशय म्हातारा माणूस बसला होता. धोतर, टोपी, दात एकही नाही. त्याने रीतसर चौकशी केली, कुठल्या, कुनाच्या, कुठं निघालाव. मी मामाच्या गावचं नाव सांगितलं आणि म्हटलं, तिथल्या पहिल्या आमदाराची भाची.

"कोन्ता? बंदूकवाला?"

"हो."

"आगं बाबो!" म्हातारा खुशीत आला. "त्याला तर आमी पाडला."

आमच्यात असं बोलणं भांडणाचं नसतं. त्याने माझ्यासाठी चहा सांगितला आणि कसा पाडला ते सांगू लागला. त्यातलं मला काही ठाऊक होतं, काही नव्हतं. छावणीतून परत आलेला मामा पायात गोळी घेऊन लंगडत आला होता. पहिली निवडणूक आली तेव्हा लोकांनी त्याला बैलगाडीत घालून फिरवलं आणि निवडून दिलं. हैदराबादच्या सभेत सगळे शेरवानी घालून येतात म्हणून त्याने आयुष्यातली एकच काळी शेरवानी शिवली. तिथे तो काय बोलला ते गावात कुणाला ठाऊक नाही. गावात आल्यावर काय बोलला ते सगळ्यांना ठाऊक होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी मारुतीच्या पारावर उभा राहून तो म्हणाला, राजाचं राज्य गेलं, तर वेशीतला राजा कशाला ठेवायचा? मान फिरता करा. आणि पहिल्या वर्षी त्याने मान दिला तो गावकुसाबाहेरच्या, दोरखंड वळणाऱ्या घराला. गावातल्या झाडून सगळ्या बैलांचे कासरे, वेसणी त्या घरच्या हातच्या. पण त्यांचा स्वतःचा बैल आजवर सगळ्यांच्या मागून, तोरण तुटल्यावर आत यायचा.

"त्या वक्ताला माजा बाप म्हनला, निजामाला हाकललं ते काय ह्येच्यासाठी?" म्हातारा म्हणाला. "आजूबाजूची समदी गावं फिरली. आज ह्या गावात केलं, उद्या आपल्यात करील. पाडला."

"वाईट होता का तो?"

"न्हाई वो. वाईट मानसाचा येवढा राग येत न्हाई." त्याने बशीतला चहा संपवला. "आन् येक बोलू का आक्का? माज्या गावात आजबी पाटलाचाच बैल पुढं आसतो. पन पाटील पुन्यात ऱ्हातो. बैल भाड्यानं आनत्यात."

आम्ही दोघं खूप हसलो. मग म्हाताऱ्याला ठसका लागला आणि हसणं थांबलं ते परत आलं नाही. माझी गाडी आली तेव्हा तो काठीवर हनुवटी टेकून रस्त्याकडे बघत होता. नमस्कार केला तर त्याने मला ओळखलं नाही.

मामाचं गाव

देवणीपासून जीप. दोन्ही बाजूंना सोयाबीन पाण्यात उभं, पिवळं पडलेलं. देवणी म्हणजे बैलांचं माहेर, सगळ्या देशात या जातीला गावाचं नाव आहे. पण रस्त्याने मला ट्रॅक्टरच जास्त दिसले. एका ट्रॅक्टरच्या बॉनेटवर गोंडे बांधले होते, पोळ्यासाठी.

इंदूअक्का माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठी. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा गेला आणि ती बापाकडे परत आली ती आलीच. सगळा गाव तिला आत्या म्हणतो. दारात येऊन तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"केवढीशी झालीस गं मालू! धुतल्यावर आटलीस का काय?"

"आणि तू गं? कंबर मोजून नव्वद अंशात. कोन काढायला तूच बरी."

पण तिचं लक्ष नव्हतं. तिने मला पाणीही न विचारता गोठ्यात नेलं. "आदी ह्याला बग."

गोठ्यात सुभेदार बसला होता.

मामाने आपल्या बैलांना कायम निजामाच्या कारभारातल्या हुद्द्यांची नावं दिली. कोतवाल, तहसीलदार, सुभेदार. म्हणायचा, तरुणपणी ह्यांच्यापुढं वाकावं लागलं, आता नांगराला जुंपून हाकतो. त्याच्या पश्चात इंदूने ती नावं तशीच चालवली. गेल्या साली तहसीलदार लम्पीच्या साथीत गेला. उरला तो सुभेदार. पांढराशुभ्र, तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळा, कान लोंबते. कातडी हाडांवर वाळत घातल्यासारखी. चार दिवसांपूर्वी तो बसला होता आणि उठत नव्हता.

"डॉक्टर आला व्हता देवनीवरून. सलाइन लावलं. वय झालं म्हनला. ते काय मला ठाव न्हाई व्हय?" तिने त्याच्यापुढे ज्वारीचं कोवळं कडवळ सारलं. त्याने वास घेतला आणि मान वळवली. "येक दीस उठायचं हाय त्याला, मालू. येकच. वेशीपस्तोर. मंग बस म्हनावं जन्मभर."

"दुसऱ्याचा बैल घेतला तर?"

ती माझ्याकडे अशी काही बघायला लागली की मी पुन्हा कुमारी मालती झाले.

मामाची रीत पक्की होती. मान ज्या घराचा, बैलही त्याच घरचा हवा. त्याच दावणीला वाढलेला, स्वतःच्या पायांनी चालत आलेला. उसना चालणार नाही. घरात बैल नसेल किंवा चालत नसेल तर मान पुढच्या घरी. ही अट घालायचं कारणही होतं. पहिल्या वर्षीच पाटलांनी गरीब घरांना आपले बैल उसने द्यायला सुरुवात केली होती. नाव दुसऱ्याचं, बैल पाटलाचाच पुढे. मामाने ती वाट बंद केली. तेव्हा त्याला काय ठाऊक, की एक दिवस ती आपल्या लेकीच्याच दारापुढे बंद होईल.

खांदेमळणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि त्याला जेवणाचं आवतण देतात. आमच्या नांदेडच्या कॉलनीत आता मातीचे बैल येतात. ते पाटावर बसवले की कुणी उठायची वाट बघत नाही. इथे इंदू सुभेदाराजवळ मांडी घालून बसली, खांद्यावर जिथे जू बसून बसून गाठ आली होती तिथे तूप जिरवलं आणि त्याच्या कानात म्हणाली, "आज आवतन घे, उद्या जेवाय ये." दर वर्षी म्हणत असेल. या वर्षी ती ते तीनतीनदा म्हणाली.

मग तिने ट्रंकेतून झूल काढली. काळी, जाड, कडेला लाल गोंडे. मी हात लावला आणि ओळखलं.

"अक्का, ही मामाची शेरवानी!"

"मंग? कपाटात काय करायलीय ती? उसवून दोन्ही बाजू जोडल्या. खांद्यावर तेवढं कमी पडलं."

ही शेरवानी कॉलेजात काचेच्या पेटीत ठेवावी म्हणून कुमारी मालतीने एकदा मामापुढे उपोषणाची धमकी दिली होती. मामा म्हणाला होता, "बये, त्यात घाम हाय माजा. काचेत कोंडला तर वास मारील." कुमारी उपोषणाला बसली आणि मामीने पुरण शिजवायला घेतल्यावर उठली.

संध्याकाळी सरपंच आला. विक्रम, त्याच पाटलांचा पणतू. बुलेटवर, गॉगल कपाळावर. मी तोंड वाकडं करून बसले होते, पण पोरगा आत येऊन आधी सुभेदाराच्या पाया पडला.

"आत्या, माजी जोडी घेऊन जा. कासरा तुमच्या हातात. समद्या गावाला मी सांगितलंय, कोनी येक शबुद बोलनार न्हाई."

"बोलनार न्हाई हे ठाव हाय मला."

"न्हाईतर सुभेदाराला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून वेशीतनं नेतो. तुमचा मान हाय आत्या. आमदारसायबाचा मान हाय. गावाचीबी इज्जत हाय का न्हाई?"

"चालत येनारा बैल, आसं ठरलंय."

"ठरवलं कोनी? आमदारसायबानंच ना? मंग त्येंच्याच घरासाठी येकडाव..."

"त्येच तर," इंदू म्हणाली.

पोरगा गेल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. म्हटलं, ट्रॉलीत काय वाईट आहे? मामालाही बैलगाडीत घालूनच फिरवला होता ना?

"तुजं कॉलेज आजून सुटलं न्हाई वाटतं," ती म्हणाली. "बाबा पडला त्या सालीबी लोक घरी आले व्हते, मालू. म्हनले, तुमी फकस्त येवढं म्हना की पुढच्या पोळ्याला बगू, आन् निवडून या. बाबा बोलला न्हाई. म्या दाराआडून ऐकायली व्हते. मला लई राग आला बाबाचा." तिने सुभेदाराच्या पाठीवरची माशी हाकलली. "आता मी हो म्हनले, तर मंग त्यो उगाच पडला की गं."

मी पुरणाची डाळ निवडायला घेतली.

पोळा

सकाळी सुभेदाराची अंघोळ बसल्या जागी झाली. शिंगं रंगवली, कपाळाला बाशिंग बांधलं, गळ्यात घुंगरमाळ. घुंगरं वाजली नाहीत, कारण तो मान हलवतच नव्हता. इंदूने पुरणाची पोळी तोंडापाशी धरली. त्याने जीभ लावली, पोळी खाली पडली.

दुपारनंतर आम्ही दोघींनी त्याला उठवायचं ठरवलं. आमची दोघींची वयं एकत्र केली तर दीडशेच्या पुढे जातात. ती पुढून कासरा ओढत होती, मी मागून ढकलत होते. "उठ रे राजा, उठ रे माज्या सुभ्या, येकडाव." त्याने पुढचा एक पाय टेकवला. खरंच टेकवला. गुडघा थरथरायला लागला, कुल्ले वर आले, मी सगळा भार लावला, आणि तो पुन्हा बसला. मी घसरले आणि फतकल मारून शेणात. नवं इरकली लुगडं! याच गोठ्यात कुमारी मालती नाकाला रुमाल लावून उभी राहायची आणि मामाला म्हणायची, मामा, तुम्ही आमदार होतात, तुम्हाला हे शोभत नाही. शोभलं बये, तुला शोभलं. मी हसत सुटले. इंदूकडे बघितलं तर ती हसत नव्हती. सुभेदाराच्या कपाळाला कपाळ लावून उभी होती.

वेशीकडून ढोल ऐकू यायला लागला.

"चल," ती म्हणाली. कासरा तिने गव्हाणीवर ठेवला, नीट गुंडाळून. शेरवानीची झूल सुभेदाराच्या पाठीवर पांघरली. पदर खोचला आणि वाकलेल्या कमरेने वेशीकडे निघाली. मी शेणाच्या लुगड्यात मागे.

वेशीबाहेर बैल मोजकेच होते. एका हाताच्या बोटांपेक्षा थोडे जास्त. त्यांच्यामागे ट्रॅक्टरांची रांग. तोरणाच्या समोरची जागा लोकांनी मोकळी सोडली होती. इंदूला एकटी येताना पाहून ढोलवाल्याने हात थांबवला.

"सुभेदार येत न्हाई," ती म्हणाली. "मान पुढच्या घरी जाऊ द्या."

पुढचं घर म्हणजे पहिलंच. मामाचं घर शेवटचं, त्याच्यानंतर फेरी पुन्हा सुरू; म्हणजे मान परत दोरखंडवाल्यांकडे. त्या घरचा गुणवंत आपली जोडी घेऊन उभा होता, पन्नाशीचा, दांडगा. तो पुढे येईना.

"आत्या, मी न्हाई जात. तुमच्या आदी मी जाऊ व्हय? आमच्या आज्याला ज्यानं पुढं केलं त्याच्या घराला वलांडून?"

"वलांडून न्हाई रं. नंबरानं."

"आज ऱ्हाऊ द्या. पुढच्या साली सुभेदार उठंल, तवा..."

"गुनवंत." तिचा आवाज चढला. "तुज्या आज्याला बाबानं पुढं केलं तवा त्योबी मागं सरकायला व्हता. बाबानं त्येच्या बैलाच्या पाठीवर थाप मारली व्हती. माजा हात तिथवर पोचत न्हाई आता. तूच मार."

विक्रम पाटील गॉगल हातात घेऊन जमिनीकडे बघत होता. मग गुणवंतने डोळे पुसले, बैलाच्या पाठीवर थाप मारली, आणि जोडी तोरणाखालून आत गेली. ढोल पुन्हा सुरू झाला. मागून बैल गेले, मग ट्रॅक्टर. मारुतीपुढे बैलांची लग्नं लागली, मंगलाष्टकं झाली, आम्हा दोघींच्या हातात कुणीतरी अक्षता दिल्या. इंदूने त्या टाकल्या नाहीत. मूठ मिटून घरी आणल्या आणि सुभेदाराच्या डोक्यावर टाकल्या.

जेवताना मी म्हटलं, "फेरी पुन्हा इथवर येईपर्यंत..."

"तवर मी नसंन. बैलबी नसतील." तिने माझ्या पोळीवर तूप वाढलं. "आमटी घे. निवायलीय."

दुसऱ्या दिवशी

सकाळी मी चूळ भरत अंगणात उभी होते. घुंगरं वाजली.

सुभेदार गोठ्याच्या दारात उभा होता. चार पायांवर. बाशिंग एका कानावर आलेलं, अंगावर शेरवानी, पायाला काडीकचरा. माझ्या तोंडातलं पाणी माझ्याच अंगावर. "अक्का! अगं अक्का!"

इंदू हातातली परात टाकून आली. तो आमच्याकडे न बघता अंगणातून बाहेर पडला आणि सावकाश, एकेक पाऊल चाचपत रस्त्याला लागला. तिने कासरा धरला नाही. आम्ही त्याच्या मागून चाललो. गाव पोळा करून झोपला होता. वेशीत तोरण तुटून पडलेलं, पानं चिखलात तुडवलेली, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत पाणी साचलेलं. एक कुत्रं उठून बाजूला झालं.

सुभेदार बरोबर वेशीत जाऊन थांबला.

हुद्द्यावरची माणसं अशीच, काम संपल्यावर हजर, असं मी म्हणणार होते. जिभेवर आलं होतं. इंदूचं तोंड बघितलं आणि गिळलं.

ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं. "आता कशाला आलास रं?" ती हळू आवाजात म्हणाली. "कोन हाय बगायला?" मग तिने त्याचं बाशिंग सरळ केलं, नीट, जसं कुणीतरी बघणार आहे. मग ती म्हणाली, "चल घरी. गेला मान."

तो वळला. म्हातारी पुढे, काळ्या झुलीतला म्हातारा मागे. मी मोबाइल काढून पाठमोरा फोटो घेतला. थोडा हललाय.

नांदेड

घरी येऊन लुगड्याचा डाग अजून गेला नव्हता, तेवढ्यात इंदूअक्काचा फोन आला. सुभेदार गेला. बांधावर, मामाला जिथे माती दिली होती त्याच्या शेजारी खड्डा केला. विक्रम जेसीबी पाठवतो म्हणाला होता. गुणवंतने ऐकलं नाही, हाताने खांदला.

"आणि शेरवानी?" मी विचारलं.

"संगटच दिली. त्येच्या अंगावरून काढू वाटंना मला."

दावण रिकामी झाली. आता फेरी फिरून येईल तेव्हा त्या घरापाशी थांबणार नाही, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. तिने विचारलं, डाग गेला का गं? मी म्हटलं, नाही. म्हणाली, ताक लावून बघ.

नातीला फोटो पाठवला. तिचं लगेच उत्तर आलं, आजी, यात पुतळा कुठे आहे?

मी लिहायला घेतलं आणि पुसलं. पुन्हा घेतलं, पुन्हा पुसलं. कुमारी मालती असती तर एव्हाना तिने मामाला वेशीवर घोड्यावर बसवून हातात तलवार दिली असती, आणि सुभेदाराला तोरणाखालून पहिला नेला असता. चार पोरी रडल्याही असत्या. मी एवढंच लिहिलं: पुतळा नाही, बाळा. बैल होता. परवा गेला.